पित्ताशयातला खडा, देशोदेशी

उंबरठा (धागाकर्ता)

आरोग्यसेवा कुठल्या देशातली चांगली, हा वाद मी आजवर वीसेक वेळा ऐकलाय आणि दहाएक वेळा स्वतः घातलाय. दर वेळी गाडी त्याच दोन ठिकाणी अडते. एक जण म्हणतो, "आमच्या काकांना हार्ट अटॅक आला, दहा मिनिटांत अँब्युलन्स दारात." दुसरा म्हणतो, "आमच्याकडे साध्या सर्दीला डॉक्टर मिळत नाही." अहो, हार्ट अटॅकला बहुतेक श्रीमंत देशांत उचलून नेतातच, आणि सर्दी कुठेही आपली आपण जाते. व्यवस्थेचा कस लागतो तो मधल्या दुखण्यांत. माणूस मरत नाही, पण धड जगतही नाही. गुडघा, हर्निया, मोतीबिंदू. माझ्या बाबतीत पित्ताशयातले खडे.

माझा अनुभव इंग्लंडचा, २०२४ चा. रात्री दोनला उजव्या बरगडीखाली कोणीतरी पाना घालून पिळतंय असं दुखायला लागलं. कळ थेट उजव्या खांद्याच्या मागे. पित्त झालं असेल म्हणून गोळी घेतली. तिसऱ्या वेळी घामाने शर्ट भिजला तेव्हा जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जायचं ठरवलं. जायचं म्हणजे काय, तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा. माझा नंबर लागला सत्ताविसावा. आठ वाजून चाळीस मिनिटांनी कळलं की आजच्या वेळा संपल्या, उद्या आठला फोन करा.

पुढचं थोडक्यात: सोनोग्राफीला पाच आठवडे. सर्जनची ओपीडी चौथ्या महिन्यात. ऑपरेशन अकराव्या महिन्यात. मधल्या काळात दोनदा इमर्जन्सीत जाऊन आलो. दुसऱ्या वेळी नऊ तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काढले, मॉर्फिन मिळालं, दुखणं उतरलं, घरी पाठवलं. माझ्या शेजारच्या आजी हातातली सलाईन तशीच ठेवून शब्दकोडं सोडवत होत्या. त्यांना सवय असावी.

इथला नियम असा की रेफरलपासून, म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवायच्या चिठ्ठीपासून, अठरा आठवड्यांच्या आत १०० पैकी ९२ रुग्णांचे उपचार सुरू झाले पाहिजेत. २०१६ पासून तो पाळला गेलेला नाही.

आता बिल. शून्य. ऑपरेशन, भूल, रात्रीचा मुक्काम, सगळं शून्य. बाहेरच्या औषधांना दर नगाला ९ पौंड ९० पेन्स, तेही फक्त इंग्लंडात. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडमध्ये तेवढेही नाहीत. सर्जन उत्तम, नर्स देवमाणसं. पण 'फुकट' म्हणाल तर मी भांडेन. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६. आम्ही चौघं, तीन वर्षांचा व्हिसा: १०,८६६ पौंड, एकरकमी आणि आगाऊ. शिवाय पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स इतरांसारखे कापले जातातच.

तर वेगवेगळ्या देशांतल्या मंडळींना विनंती. पित्ताशय किंवा त्याच जातीचं दुखणं झालं असेल तर लिहा: पहिल्या कळेपासून टेबलावर जाईपर्यंत किती दिवस, खिशातून किती गेले, आणि आधी कोणीच सांगितली नव्हती अशी गोष्ट कोणती. ऐकीव गोष्टी नकोत.

कळलाव्या

रुमाल टाकून ठेवतो. अमेरिकेतली मंडळी जागी झाली की खरी मजा.

अटलांटिकपार

झाले जागी. :)

न्यू जर्सी. २८ डिसेंबरला रात्री कळ आली, इमर्जन्सीत गेले. तीन तासांत रक्त, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, सर्जनची भेट, सगळं आटोपलं. खडे आहेत, सूज सौम्य आहे, पित्ताशय काढून टाकू म्हणाले. ५ जानेवारीला सकाळी सहाला गेले, दुपारी तीनला घरच्या सोफ्यावर. पोटावर चार टाके, हातात कागदांची चळत. आठ दिवस! उंबरठा, तुमचे अकरा महिने वाचून खरंच वाईट वाटलं.

आता दुसरी बाजू. माझं ऑपरेशन आठ दिवसांत संपलं, बिलं पाच महिने येत होती. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीच्या डॉक्टरांच्या ग्रुपचं वेगळं, रेडिऑलॉजी, सर्जन, भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजी. त्याआधी विमा कंपनीचं पत्र येतं, त्यावर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं. ते वाचून घाम फुटतो तो फुटतोच. छापील किंमत ६१ हजार डॉलर, कंपनीने मान्य केलेली १९ हजार. मधले ४२ हजार कुठे गेले? कुठेच नाही, ते कधी नव्हतेच. विमा नसलेल्याच्या हातात मात्र पहिला आकडा पडतो.

आणि न सांगितलेली गोष्ट: तारीख. डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, दर वर्षी नव्याने सुरू होतं. आमचा प्लॅन जानेवारी ते डिसेंबर. इमर्जन्सी डिसेंबरात, तिचे पैसे जुन्या वर्षाच्या डिडक्टिबलमध्ये गेले. ऑपरेशन जानेवारीत, मीटर पुन्हा शून्यावर. मी सर्जनच्या ऑफिसला अक्षरशः विनवलं, ३१ च्या आत बसवा. ती बाई हसली. म्हणाली, "डिसेंबरात सगळ्यांनाच हवं असतं." ज्यांचं डिडक्टिबल भरून झालंय ते लोक गुडघे, खांदे, नाकं सगळी वर्षाअखेर उरकून घेतात. दोन्ही वर्षं मिळून खिशातून ५,८०० डॉलर गेले. चांगल्या नोकरीचा चांगला विमा असताना.

कामाच्या गोष्टी, कोणाला उपयोगी पडतील तर:
बिल आलं की लगेच भरू नका, तपशीलवार बिल मागा. माझ्या एका बिलात न केलेली तपासणी होती, ती एका फोनवर निघाली. हॉस्पिटल ना-नफा असेल तर कमी उत्पन्नवाल्यांसाठी आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे; पण ते आपणहून हातात देतीलच असं नाही, मागावं लागतं. आणि १ जानेवारी २०२२ पासून 'नो सरप्रायझेस' कायदा आहे. हॉस्पिटल विमा कंपनीशी करार असलेल्या नेटवर्कमधलं, पण भूलतज्ज्ञ नेटवर्कबाहेरचा निघाला म्हणून हजारोंचं बिल, हा प्रकार त्याने बराच आटोक्यात आणला. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र त्यात नाही. हवेतली आहे, जमिनीवरची नाही. याचं कारण मला विचारू नका.

उंबरठा

आठ दिवस आणि पाच महिने. माझं बरोबर उलटं, अकरा महिने आणि शून्य मिनिटं. डिस्चार्जच्या वेळी मी सवयीने काउंटर शोधत होतो, तर नर्स म्हणाली, "काय शोधताय? जा की घरी."

अटलांटिकपार, नोकरी गेली असती तर?

अटलांटिकपार

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. नवऱ्याची नोकरी आदल्याच वर्षी गेली होती, विमा त्याच्याकडूनच होता. कोब्रा म्हणून सोय आहे, तोच विमा साधारण अठरा महिने चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तो वाटाही आपण भरायचा, वर दोन टक्के. पगार बंद आणि हप्ता तिप्पट-चौपट. चार महिने भरला. मग माझ्या ऑफिसचा घेतला. २०१० च्या कायद्यामुळे आधीच्या आजारावरून आता विमा नाकारता येत नाही, हा मोठाच फरक. त्याआधीचे किस्से जुन्या लोकांकडून ऐका.

बर्फाळ

ओंटारिओ, कॅनडा. सात महिने. बिल नाही.

आमच्याकडे रांग लागते ती सर्जनला भेटायला, आणि सर्जनला भेटायला लागतं फॅमिली डॉक्टरचं पत्र, आणि फॅमिली डॉक्टरच मिळत नाही. मी आल्यापासून दीड वर्ष वॉक-इन क्लिनिकमध्ये जात होते. तिथे दर वेळी नवा डॉक्टर, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. चौथ्या डॉक्टरने सोनोग्राफीचा कागद दिला. आधीच्या तिघांनी ॲसिडिटीची गोळी.

अमेरिकेतल्यांना वाटतं की कॅनडात सगळं फुकट. हॉस्पिटल आणि डॉक्टर फुकट, बरोबर. मेडिकलमधून घ्यायची औषधं, दात, चष्मा हे बहुतेकांना नोकरीच्या विम्यातून किंवा खिशातून. अँब्युलन्सला ओंटारिओत ४५ डॉलर, आणि डॉक्टरांनी गरज नव्हती असं ठरवलं तर २४०. पार्किंगबद्दल बोलायला लागले तर ॲडमिन मला उडवतील.

मला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे की पैसे घ्या पण लवकर करा, असं म्हणायची सोयच नाही. १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टने ते दार लावून घेतलंय. माझा शेजारी बडा वकील, तोही माझ्याच रांगेत, माझ्या मागे. त्या सात महिन्यांत मला रोज राग यायचा आणि त्याला बघून रोज थोडं बरंही वाटायचं, हे कबूल करते. हे सहज मिळालेलं नाही. राजकारणी टॉमी डग्लसच्या पक्षाने सस्कॅचेवान प्रांतात १९६२ साली ही सरकारी आरोग्यविम्याची योजना लागू केली तेव्हा तिथले डॉक्टर तेवीस दिवस संपावर गेले होते.

कळलाव्या

एवढं कशाला लिहिताय? जागतिक आरोग्य संघटनेची यादी आहे की. फ्रान्स पहिला, ब्रिटन १८, कॅनडा ३०, अमेरिका ३७, भारत ११२. धागा बंद करा आणि झोपा.

सुईदोरा

कळलाव्या, ती यादी २००० सालची आहे. १९१ देश होते आणि त्यावर इतकी टीका झाली की संघटनेने तशी क्रमवारी पुन्हा कधी काढलीच नाही. त्यात उपचार किती चांगले एवढंच मोजलेलं नव्हतं. पैशाचा बोजा कोणावर किती पडतो यालाही गुण होते. पंचवीस वर्षांपूर्वीचा निकाल दाखवून कोणी शाळेत प्रवेश देतं का?

अलीकडचं हवं असेल तर कॉमनवेल्थ फंड या अमेरिकी संस्थेचा २०२४ चा अहवाल घ्या. दहाच श्रीमंत देश. ऑस्ट्रेलिया पहिला, अमेरिका शेवटची. पण त्याच अहवालात दवाखान्यात शिरल्यावर प्रत्यक्ष उपचाराची प्रक्रिया कशी, या एका रकान्यात अमेरिका दुसरी आहे. म्हणजे दार ओलांडलं की सेवा उत्तम, गोंधळ दारात आहे. अटलांटिकपारने लिहिलंय ते याच्याशी जुळतं.

मी सर्जन आहे, पित्ताशयं काढणं हे माझं रोजचं काम. आधी भारतात केलं, आता परदेशात करते. दोन गोष्टी सांगते, कोणाला आवडणार नाहीत.

एक. लवकर ऑपरेशन म्हणजे चांगली सेवा, हे नेहमी खरं नसतं. खडे असलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यभर त्रास होत नाही. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, त्रास काहीच नाही, तर सहसा हात लावू नये असंच शास्त्र सांगतं. जिथे सोनोग्राफी सकाळी, सर्जन संध्याकाळी आणि टेबल परवा रिकामं असतं, तिथे असली मुकी पित्ताशयंही निघतात. रुग्ण खूश, नातेवाईक खूश, 'किती पटकन झालं' म्हणून कौतुक. त्या पटकनमध्ये किती अनावश्यक होतं, हे कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात दिसत नाही.

दोन. उंबरठा, तुमची वाट बघणं मात्र अनावश्यक होतं. वारंवार कळा येणाऱ्या माणसाला वर्षभर ताटकळत ठेवलं की सूज येते, खडा नळीत घसरतो, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि मग सोपं ऑपरेशन अवघड होतं. ब्रिटनच्याच 'नाइस'चं, म्हणजे उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या संस्थेचं, २०१४ पासून मार्गदर्शन आहे की पित्ताशयाला तीव्र सूज असेल तर निदानापासून आठवड्याच्या आत दुर्बिणीने काढा. कागद चांगला आहे. टेबल, भूलतज्ज्ञ आणि खाट एकाच दिवशी मोकळी मिळत नाही. तुम्ही नऊ तास बसलात तेव्हा नुसती कळ होती की सूजही, हे पाहिलं गेलं होतं का?

उंबरठा

रक्त घेतलं होतं. सूज नाही म्हणाले. ताप नव्हता.

सुईदोरा

मग त्यांच्या नियमाने तुम्ही 'थांबू शकणारे' ठरलात. तुमच्या धाग्याचा विषयच हा: थांबू शकणारा कोण, हे कोण ठरवतं.

राईनकाठी

जर्मनी. पाच आठवडे, ४० युरो.

चाळीस कसे? हॉस्पिटलात दिवसाला १० युरो, वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवस. मी चार दिवस होतो, दाखल व्हायचा आणि सुटायचा दिवस धरून. अमेरिकेत त्याच दिवशी सोफ्यावर पाठवलं हे वाचून माझी बायको म्हणाली, "तुला तर चौथ्या दिवशीही हाकलावं लागलं." बिल पोस्टाने आलं, दोन ओळींचं.

पण फुकट नाही हं. पगाराच्या १४.६ टक्के अधिक विमा फंडाचा जादा हप्ता, निम्मे मी, निम्मे मालक. पगाराची स्लिप बघितली की पोटात दुसरीकडे कळ येते. त्या हप्त्यात न कमावती बायको आणि पोरं मात्र जादा पैसे न देता धरलेली असतात. ही पद्धत चॅन्सलर बिस्मार्कच्या १८८३ च्या कायद्यापासूनची.

दोन न सांगितलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे फोनवरचा पहिला प्रश्न: "सरकारी विमा की खाजगी?" दुखतंय काय हा दुसरा प्रश्न. खाजगी म्हटलं की तारीख लवकर मिळते, हे इथे उघड गुपित आहे. दुसरी म्हणजे तिमाही. डॉक्टरांचा हिशोब तीन-तीन महिन्यांचा असतो, कार्डही दर तिमाहीला नव्याने वाचून घेतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोटतज्ज्ञाकडे फोन केला तर उत्तर, "एप्रिलात करा."

आणि जी गोष्ट तुलनेत कोणी धरत नाही ती: आजारपणाची रजा. सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, पुढे फंडाकडून ढोबळ पगाराच्या ७० टक्के. उंबरठा, तुमच्याकडे?

उंबरठा

कायद्याने किमान मिळायचे आठवड्याला ११६ पौंड ७५ पेन्स, त्या वर्षीचा दर. माझी कंपनी पूर्ण पगार देते म्हणून निभावलं. माझ्याबरोबर वॉर्डात एक डिलिव्हरीवाला होता, चौथ्या दिवशी कामावर जाणार म्हणत होता. शून्य बिलाचं कौतुक त्याला किती असेल कोण जाणे.

सुईदोरा

अवांतर: दुर्बिणीतून पित्ताशय काढायची सुरुवात जर्मनीतच झाली. एरिश म्यूहे, ब्योब्लिंगेन, १२ सप्टेंबर १९८५. दुसऱ्या वर्षी त्याने सर्जनांच्या परिषदेत सांगितलं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं. आज या धाग्यावरचे सगळे त्याच्याच भोकांतून बाहेर पडलेत.

हिशोबनीस

मी भारतात विम्याच्या दाव्यांचं काम करतो, तेव्हा माझा अनुभव पोटाचा नाही, फायलींचा.

शहरात, हातात पैसे असतील तर जगातली सगळ्यात कमी रांग भारतात आहे असं मी म्हणेन. संध्याकाळी सोनोग्राफी, दुसऱ्या दिवशी सर्जन, तीन दिवसांत टेबल. कोणाची चिठ्ठी लागत नाही. रात्री नऊला डॉक्टर फोन उचलतात.

गंमत पॉलिसीत आहे. बहुतेक पॉलिसींत ठरावीक आजारांची एक यादी असते: मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे वगैरे. त्यांना सहसा पहिली दोन वर्षं संरक्षण नाही. तेविसाव्या महिन्यात कळ आली की माणूस आम्हाला फोन करून विचारतो, "पंचविसाव्यात केलं तर चालेल ना?" नियमाने चालेल. पण कळेला नियम सांगणार कोण?

दुसरा सापळा खोलीभाड्याचा. पॉलिसीत दिवसाला पाच हजारांची खोली धरलेली आणि तुम्ही दहा हजारांची घेतली, तर तुम्हाला वाटतं वरचे पाच हजार आपण भरू. तसं नाही. सर्जनची फी, भूल, थिएटर हेसुद्धा त्याच प्रमाणात निम्मे कापले जातात. औषधं आणि इम्प्लांट त्यातून सुटतात. दाखल होताना काउंटरवरचा माणूस "सर, डिलक्स देऊ का?" विचारतो तेव्हा हे सांगत नाही. डिस्चार्जच्या दिवशी मंजुरीसाठी लोक दिवसभर लॉबीत बसायचे. मे २०२४ मध्ये विमा नियामकाने तीन तासांची मर्यादा घातली. पूर्वीपेक्षा बरं आहे.

बर्फाळ

"शहरात, हातात पैसे असतील तर." हिशोबनीस, अख्खा धागा तुमच्या या पाच शब्दांत आहे. ज्यांच्या हातात नाहीत त्यांचं काय?

हिशोबनीस

राग मानू नका, तिथेच येत होतो. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के हिस्सा लोकांनी थेट खिशातून दिला. २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. सुधारणा मोठी आहे, पण शंभरातले चाळीस रुपये आजही आजाऱ्याच्या घरातून जातात. २०१८ पासून गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतची आयुष्मान योजना आहे, २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्न न पाहता ती लागू झाली. कार्ड असणं आणि जवळ त्या योजनेतलं, सर्जन असलेलं हॉस्पिटल असणं या मात्र दोन गोष्टी. कार्ड खिशात ठेवून दीडशे किलोमीटर आलेली माणसं मी पाहिलीत. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी कुठल्याच दाव्यात बसत नाही.

चेरीमोहोर

जपान. सोळा दिवस.

इथे चिठ्ठी लागत नाही, कुठल्याही दवाखान्यात जा. मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठीविना गेलात तर निदान सात हजार येन जादा. दर देशभर सारखे, सरकार ठरवतं, साधारण दोन वर्षांनी बदलतं. बिलाचे ३० टक्के आपण द्यायचे. मोठा खर्च असेल तर त्यावर महिन्याची कमाल मर्यादा, माझ्या वेळी माझ्या उत्पन्न गटाला ८०,१०० येन आणि ठरावीक रकमेच्या वरच्या बिलाचा एक टक्का.

आता लक्ष द्या. ही मर्यादा कॅलेंडरच्या महिन्याची. पहिल्या तारखेपासून अखेरपर्यंत. मी २८ ला दाखल होणार होते, तर ऑफिसातली बाई हळूच म्हणाली, "दुखत नसेल तर एक तारखेनंतर याल का? नाहीतर मर्यादा दोनदा मोजली जाईल." मी चार तारखेला गेले. तिच्या या एका वाक्याने माझे निदान काही हजार येन वाचले, आणि तिला त्यातलं काही मिळत नव्हतं.

न सांगितलेली गोष्ट: जामीनदार. दाखल होताना कागदावर हमी द्यायला वेगळ्या घरातला माणूस मागतात. परक्या देशात कुठून आणायचा? शेवटी नवऱ्याच्या बॉसने सही केली. माझ्या पित्ताशयाचा जामीनदार सेल्स विभागाचा प्रमुख आहे.

कळलाव्या

एक मिनिट थांबा. कोणाच्या लक्षात आलं का? अमेरिकेत ३१ डिसेंबरच्या आत दुखलं पाहिजे. जपानात एक तारखेनंतर. जर्मनीत तिमाही उलटल्यावर. भारतात पॉलिसीचं दुसरं वर्ष सरल्यावर. आणि इंग्लंडात रोज सकाळी आठला, सत्तावीस लोकांच्या आधी.

सगळ्यांनी पित्ताशयाला पंचांग बघायला शिकवा.

अटलांटिकपार

कळलाव्या पहिल्यांदाच कामाचं बोलला. नोंद घ्यावी.

बर्फाळ

आमच्याकडे पंचांग नाही. आमच्याकडे फक्त 'तुम्हाला कळवू'.

नुसताच वाचक

नेहमी वाचनमात्र असतो, आज अडलंय म्हणून लिहितो. आईबाबा उन्हाळ्यात पाच महिने अमेरिकेत येणार आहेत. बाबांना सोनोग्राफीत खडे दिसलेत, दोन वर्षांपूर्वी. त्रास काही नाही. प्रवासी विमा कुठल्या प्रकारचा घेऊ? आणि येण्याआधी ऑपरेशन करूनच घ्यावं का? काका म्हणतात करून टाका, भाऊ म्हणतो कशाला.

अटलांटिकपार

विम्याचं सांगते. दोन जाती असतात. एकीत प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम बांधलेली असते: खाटेला इतके, सर्जनला इतके. स्वस्त दिसते म्हणून लोक घेतात, आणि इथल्या बिलापुढे ती रक्कम कुठेच पुरत नाही. दुसरी व्यापक, डिडक्टिबलनंतर टक्क्याने किंवा पूर्ण देते. महाग पडते, पण घ्यायची तर हीच. दोन्हीत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. 'आधीच्या आजाराचा अचानक झटका' असं कलम काहींत असतं, त्याला वयाची आणि रकमेची मर्यादा असते, आणि किती तासांत दवाखाना गाठायचा हेही लिहिलेलं असतं. बाबांचे खडे कागदावर आहेत, म्हणजे ते आधीचे. ते कलम शब्दन् शब्द वाचा. लपवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दावा आला की जुने रिपोर्ट मागतात.

वाईटात वाईट झालंच तर इमर्जन्सी विभाग त्यांना तपासून स्थिर केल्याशिवाय परत पाठवू शकत नाही, १९८६ चा कायदा आहे, पैसे असोत नसोत. बिल मात्र नंतर येतंच.

सुईदोरा

ऑपरेशनचं इथे कोणी ठरवू नये, मीही नाही. त्यांना पाहणाऱ्या सर्जनला हेच तीन प्रश्न विचारा: खडे किती मोठे, पित्ताशयाची भिंत कशी आहे, मुख्य नळीत काही आहे का. आणि चौथं सांगा, की पाच महिने विम्याची खात्री नसलेल्या देशात जायचंय. एरवी मुक्या खड्यांना मी हात लावू नका म्हणते. पण प्रवास हा प्रश्न खरा आहे, त्याची लाज वाटायचं कारण नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात मात्र काही करू नका.

नुसताच वाचक

आभार. काकांना आणि भावाला दोघांनाही हा धागा पाठवतो. आपापसात भांडतील.

राईनकाठी

एक राहिलंच. तुम्हाला खडे मिळाले का? मला छोट्या पारदर्शक डबीत दिले. सात. घासून पॉलिश केल्यासारखे.

अटलांटिकपार

मला पॅथॉलॉजीचं बिल मिळालं. तपासायला पाठवलं त्याचं. खडे नाही मिळाले.

बर्फाळ

विचारलं होतं. "तुम्हाला कळवू" म्हणाले.

चेरीमोहोर

ऑपरेशन चालू असताना नवरा बाहेर बसला होता. संपल्यावर सर्जनने त्याला आत बोलावलं, स्टीलच्या ट्रेमध्ये माझं अख्खं पित्ताशय उघडून ठेवलेलं, आणि चिमट्याने एकेक खडा दाखवत दहा मिनिटं समजावलं. नवऱ्याने मान डोलवली. जपानी त्याला अर्धीच कळते.

हिशोबनीस

आमच्याकडे बाटलीतले खडे नातेवाईक फाइलला जोडून पाठवतात. दाव्याचा पुरावा म्हणून. टेबलावर आत्ता तीन बाटल्या आहेत, घेऊन जायला कोणी आलेलं नाही.

उंबरठा

मी अकरा महिने ज्यांची वाट पाहिली, ते मागायचंच विसरलो.